छायाचित्राखाली इमारतीचे वर्षही लिहावे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गेल्या पंधरवड्यात नाशिकमध्ये हौशी छायाचित्रकारांचे एक प्रदर्शन पाहिले. त्यात इंग्लंडमधील चेस्टर शहराच्या मुख्य चौकातील काळ्या लाकडी पट्ट्यांच्या आणि पांढऱ्या भिंतींच्या इमारतीचे एक देखणे छायाचित्र होते व त्याखाली ‘ट्यूडर काळातील घर, सोळावे शतक’ अशी ओळ होती. ईस्टगेट स्ट्रीट आणि ब्रिज स्ट्रीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरची ही इमारत टॉमस लॉकवुड या वास्तुविशारदाने 1888 मध्ये उभारली, म्हणजे मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस पूर्ण झाले त्याच सुमारास. मी ही चूक आयोजकांच्या नजरेस आणली, तेव्हा लोक चित्र पाहायला येतात, वर्ष पाहायला नव्हे, असे उत्तर मिळाले. ते मला पटले नाही, म्हणून हे पत्र.

ट्यूडर राजघराण्याने इंग्लंडवर 1485 ते 1603 या काळात राज्य केले. त्या काळची घरे ओकच्या लाकडी सांगाड्यावर उभी आहेत आणि खांब-तुळयांमधली जागा बहुधा कुडाने भरलेली आहे. काठ्यांची वीण आणि तिच्यावर माती, शेण व गवताचा लेप, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या घरांत असे तसाच कूड. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिचर्ड नॉर्मन शॉ यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी ही शैली पुन्हा आणली आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनच्या उपनगरांत तशा घरांच्या ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. या दुसऱ्या प्रकाराला ट्यूडर पुनरुज्जीवन म्हणतात. त्यातील बऱ्याच घरांत भार विटांच्या भिंती पेलतात आणि काळ्या फळ्या वरून ठोकलेल्या असतात. गेल्या शतकातली ही घरे सुंदर नाहीत असे मी म्हणत नाही. लंडनमधील लिबर्टी या दुकानाची 1924 ची इमारत इम्प्रेग्नेबल आणि हिंदुस्तान या दोन युद्धनौकांच्या लाकडातून घडवलेली आहे, आणि तिच्या दर्शनी भागासमोर मी तासभर कॅमेरा घेऊन उभा होतो. पण ती 1924 ची आहे हे कळल्यावरच त्या लाकडाची खरी गंमत कळते.

मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना चेशायरमधील लिटल मोर्टन हॉल या घराची छायाचित्रे काढण्यात मी दोन दिवस घालवले. सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेले हे बांधकाम सुमारे शंभर वर्षे टप्प्याटप्प्याने चालले आणि त्याच काळात अगदी वरच्या मजल्यावर एक लांब दालन चढवले गेले. त्या दालनाचा आणि जड दगडी छपराचा भार खालच्या मजल्यांवर आला व सगळे घर वाकले. पहिल्या दिवशी मी कॅमेरा वर करून चित्रे काढली. तसे केले की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात, म्हणून रात्री संगणकावर त्या सगळ्या सरळ करून टाकल्या. सकाळी पाहतो तो घर नव्याने बांधल्यासारखे दिसत होते. चारशे वर्षांचा वाक मी दोन मिनिटांत पुसून टाकला होता! दुसऱ्या दिवशी घराभोवतीच्या खंदकापलीकडे दूर उभा राहिलो, पाण्याच्या कडेची रेष पाहून कॅमेरा समपातळीत ठेवला आणि मग काहीही सरळ केले नाही. कॅमेरा सरळ असेल तर चित्रात उरलेला कल हा इमारतीचा स्वतःचा असतो, हे मी तिथे शिकलो.

प्रकाशाचेही तसेच आहे. भर उन्हात पांढऱ्या भिंती भाजून निघतात आणि काळे लाकूड नुसता डाग होऊन बसते. ढगाळ दिवशी दोन्हींचा पोत दिसतो आणि सकाळच्या तिरप्या उन्हात लाकडावरचे तासणीचे घाव उमटतात. सांध्याजवळ जाऊन काढलेले एक चित्र मला सगळ्यांत मोलाचे वाटते. त्यात कुसू, म्हणजे लाकडाचे खाचेत बसणारे टोक, बसवून लाकडी खुंटीने पक्का केलेला जोड दिसतो आणि त्याशेजारी पटाशीने कोरलेल्या रोमन आकड्यांसारख्या खुणा. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून, खुणा करून, सोडवून मग जागेवर उभारत, म्हणून सुतारांना त्या लागत. वरून ठोकलेल्या फळीला अशा खुणांची गरजच नसते. शिवाय काळा-पांढरा रंग म्हणजे ट्यूडर हा समजही पुष्कळसा व्हिक्टोरियन काळातला आहे. सफोकमधील लॅव्हनम गावात कितीतरी घरांचे ओक राखाडी रंगाचेच दिसते.

हे सगळे नाशिकच्या वर्तमानपत्रात लिहिण्याचे कारण आपले वाडे आहे. तिवंधा, भद्रकाली, पंचवटी या भागांत सागवानी खांबांचे, कोरीव लाकडी दर्शनी भागाचे वाडे अजून उभे आहेत, आणि पावसाळ्यात एखादी जुनी भिंत खचल्याची बातमी आपल्याच अंकात येते. त्यांची जी छायाचित्रे प्रदर्शनांत लागतात ती बहुतेक दिंडी दरवाजा आणि दारातली आजी एवढ्यावर थांबतात; तुळई खांबावर कशी बसली आहे, वरचा मजला कशावर तोलला आहे, हे कुणी टिपत नाही. इंग्लंडमध्ये बॉम्बवर्षाव चालू असताना, 1941 मध्ये, धोक्यातील इमारतींची छायाचित्रे आणि मोजमापे जमवण्यासाठी नॅशनल बिल्डिंग्ज रेकॉर्ड ही संस्था सुरू झाली. आपल्याकडे तेवढी घाई कुणाला झालेली दिसत नाही.

अरुंद गल्लीत मागे सरकायला जागा नसते, हे मला माहीत आहे. अशा वेळी समोरच्या घरमालकाला विचारून त्यांच्या पहिल्या मजल्यावरून चित्र काढावे. कॅमेरा निम्म्या उंचीवर येतो आणि रेषा आपोआप सरळ राहतात. मी आजवर ज्यांना विचारले त्यांपैकी एकानेही नकार दिलेला नाही, उलट चहा दिला. प्रदर्शनांच्या आयोजकांना माझी एवढीच विनंती आहे की वास्तूच्या प्रत्येक छायाचित्राखाली गावाच्या नावाबरोबर बांधकामाचे वर्षही मागून घ्यावे, ते ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी, आणि वाड्याच्या चित्रासोबत त्याच्या एका तरी सांध्याचे चित्र स्पर्धेत सक्तीचे करावे.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार,
पंचवटी, नाशिक