ज्येष्ठांची शुश्रूषा हाही अनुभवच

महोदय,
वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात ६ वर्षे काम करून मी रुग्णालयात नोकरीसाठी गेले, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, ‘प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव किती?’ फार लागले मनाला. आमच्याकडे रात्रपाळीला डॉक्टर हजर नसत. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, जेवण टाकले, एवढ्यावरून मूत्रमार्गाच्या संसर्गाची शंका घेऊन फोन करावा लागे. या वयात ताप येतोच असे नाही. दर २ तासांनी कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणे, एकेकाची दहा-बारा औषधे चुकू न देणे, ही रुग्णसेवाच आहे.

रुग्णालयाचा वेग वेगळा, हे मान्य. सलाइन लावणे, मॉनिटरवरचे आकडे वाचणे मला नव्याने शिकावे लागले. सुरुवातीला हात थरथरायचे. वॉर्डातल्या अनुभवी सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या, म्हणून जमले. अशी काही आठवड्यांची सोबत प्रत्येक रुग्णालयाने नव्या परिचारिकेला द्यावी आणि ‘फक्त वृद्धांकडे काम केलेय’ म्हणून कुणाचा अर्ज बाजूला ठेवू नये, ही कळकळीची विनंती.

– एक परिचारिका