ठराव झाला, पुढचं ऐक

प्रिय शालू,

तुमच्या गावातही विधवा प्रथेविरुद्ध ठराव करायचाय, तयारी काय करू, असं विचारलं होतंस. उत्तराला फार उशीर झाला, शिव्या राखून ठेव. गुडघा आहे तसाच.

आमच्या गावात हा ठराव एकमताने झाला आणि महिन्याच्या आत तात्या गेले. काकूंचा हिरवा चुडा धुण्याच्या दगडावर फुटलाच. फोडणाऱ्या कोण, तर ठरावाला हात वर करणाऱ्याच! हसावं की रडावं, तूच सांग.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये असा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रक निघालं. पण त्यात शिक्षा नाही, नुसतं आवाहन. तेव्हा तुमच्याकडे कागदापेक्षा पहिल्या दोन तासांची तयारी कर. तिरडी बांधायला घेतली की बायका त्या विधवेला घेरतात, मग कुणाचं चालत नाही. आमचं घोडं तिथेच अडलं. वाडीवार चार-पाचजणी आधीच ठरलेल्या हव्यात आणि त्यांत भावकीतली एक तरी हवीच. बाहेरची गेली तर ‘तुला काय करायचंय’ एवढं ऐकून परत येते. सासूशी, माहेरच्यांशी बोलणं प्रेत उचलायच्या आधीच व्हायला हवं.

तू म्हणशील, फोडू नका, उतरवून ठेवा, एवढ्यावर भागवू. मिरजेच्या शिबिरातलं भांडण मी अजून सोडलेलं नाही! काच मनगटात रुतणार नाही, हे कबूल. पण उतरवलेली बांगडी परत कोण घालू देतं? उलट ‘कुंकू लावलंच पाहिजे’ ही सक्तीही नको. तिलाच विचारायचं, तेही एकटीला गाठून.

करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांच्यासारखं पुरुषांनी हयातीतच शपथपत्र करावं: माझ्यामागे बायकोवर ही सक्ती नको. तात्यांचा असा कागद असता तर भावकीला बोलायला तोंड राहिलं नसतं. पण विम्यावर झटकन सही करणारे याला मात्र बिचकतात.

आणि हो, ठराव आयत्या वेळच्या विषयात घुसवू नकोस. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, विषय तिथूनच वर येऊ दे आणि नोटिशीत छापून घे. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यांतलं कमी असेल ते लागतं. सह्या सुरुवातीलाच घे, चहानंतर निम्म्या उठतात.

रेवाचं लग्न ठरलं म्हणे? आणि स्लॅब पडला का? महिला सभेची तारीख कळव, मसुदा पाठवते.

तुझी,
सुमन