वेग डाउनलोडचा छापता, आमचे बोलणे अपलोडवर चालते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत नव्या फोनची आणि इंटरनेट योजनांची ओळख येते, ती मी आवर्जून वाचते. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, नेट किती एमबीपीएसचे, बॅटरी किती वेळ टिकते, हे सगळे त्यात असते. मला ज्या माहितीची रोज गरज पडते ती मात्र आजवर त्यात दिसली नाही, म्हणून हे पत्र.

मी जन्मापासून कर्णबधिर आहे. माझी शाळेपासूनची मैत्रीणही कर्णबधिर. लग्नानंतर ती लांब गेली. आम्ही दोघी हातांनी बोलतो, त्यामुळे आमचा फोन म्हणजे व्हिडिओ कॉलच. ऐकू येणाऱ्यांच्या कॉलमध्ये चित्र अडकले तरी आवाज चालू राहतो. "दिसत नाहीयेस, पण बोल तू" म्हणून ते पुढे जातात. आमचे चित्र अडकले की बोलणेच तुटते. "मग टाइप करा ना" असे लोक सुचवतात. करतो, पण लिहायची भाषा ही आमची दुसरी भाषा आहे. प्रश्न विचारताना मैत्रिणीच्या भुवया वर जातात, रागावली की तिच्या हाताला झटका येतो. मला ते पाहायचे असते.

परवा ती मला डॉक्टरांनी बदलून दिलेल्या गोळीचे नाव सांगत होती. अशा नावाला खूण नसते, बोटांनी एकेक अक्षर काढून दाखवावे लागते. सराईत माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरे सहज काढतो. चित्र सेकंदाला ३० फ्रेम्सनी, म्हणजे ३० सुट्या चित्रांनी, येत असेल तर एका अक्षराच्या वाट्याला सहा-सात फ्रेम्स येतात आणि बोटांचे वळण नीट कळते. त्या दिवशी चित्र आठ-दहा फ्रेम्सवर आले असावे. अक्षरामागे जेमतेम दोन फ्रेम्स, त्यातही एक पुसट, बोटे पुढच्या अक्षराकडे वळतानाची. नावाची सुरुवात कळली, शेवट कळला, मधली अक्षरे गेली. तिने पुन्हा सावकाश काढून दाखवले, तरी तेच. अखेर तिने गोळ्यांचे पाकीटच कॅमेऱ्यासमोर धरले. ते मात्र लख्ख दिसले! त्यावरची बारीक छपाईसुद्धा वाचता आली.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. नेट अपुरे पडले की अ‍ॅपला काहीतरी सोडावे लागते, हे मला मान्य आहे. सोडायच्या गोष्टी दोन असतात: चित्राचा रेखीवपणा किंवा हालचालीचा सलगपणा. आमच्या अ‍ॅपने त्या दिवशी रेखीवपणा राखला आणि हालचाल सोडली. आम्हाला विचारले असते तर आम्ही उलट सांगितले असते. चेहरा थोडा धूसर चालेल, हात सलग हलले पाहिजेत.

तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. ब्राउझरमधले बहुतेक व्हिडिओ कॉल वेबआरटीसी या पद्धतीवर चालतात. जानेवारी २०२१ मध्ये वेब आणि इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी आणि आयईटीएफ या संस्थांनी तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. पाठवायच्या चित्रात हालचाल महत्त्वाची की बारकावे महत्त्वाचे, हे सांगायची सोय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी ब्राउझरमध्ये आहे. ती निवड वापरणाऱ्याच्या हातात येत नाही, एवढेच. मी वापरलेल्या एकाही अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याच्या चित्रासाठी असे बटण सापडले नाही. गरज काही नव्याने उपटलेली नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९९ मध्येच सांकेतिक भाषेतल्या आणि ओठ वाचून होणाऱ्या संभाषणासाठी व्हिडिओ कसा असावा, यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला होता.

दुसरी बाब वेगाची. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येतो तो डाउनलोडचा वेग. मैत्रिणीला माझे हात दिसतात ते माझ्या अपलोडवर, आणि मला तिचे दिसतात ते तिच्या अपलोडवर. कित्येक जोडण्यांत अपलोड डाउनलोडच्या मानाने फारच कमी असतो आणि तो आकडा तळटीपेत असतो, किंवा नसतोच. मी जोडणी घेताना विचारले तर समोरच्या माणसाने पुन्हा डाउनलोडचाच आकडा लिहून दाखवला. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. आमचे पुढचे वाक्य आम्ही अजून बोललेलोच नसतो, ते आधी कुठून उतरवणार?

अपलोड पुरेसा असूनही चित्र अडखळते, त्याचे एक कारण घरातच असते. आमच्याकडे कुणाच्या फोनने फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की माझा कॉल कोलमडतो. फोटोंचा डेटा राउटरमध्ये रांग लावतो आणि माझे चित्र त्या रांगेत शेवटी उभे राहते. एरवी काही मिलिसेकंदांत जाणारा डेटा मग सेकंदभरसुद्धा तुंबतो. याला तंत्रज्ञ बफरब्लोट म्हणतात. उपायही आहे: रांग आखूड ठेवून सर्वांना आळीपाळीने वाट देणारी एफक्यू-कोडेल ही पद्धत २०१८ मध्ये आयईटीएफच्या आरएफसी ८२९० या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. काही राउटरमध्ये ती असते, पण खोक्यावर पाहून ते कळत नाही. अंतराला उगीच दोष दिला जातो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. मैत्रीण लांब राहते म्हणून चित्र अडखळत नाही.

आम्ही दोघींनी आपल्यापुरते काही मार्ग काढले आहेत, तेही सांगते, कारण ते कुणाच्याही उपयोगी पडतील. लॅपटॉप केबलने राउटरला जोडला की वायफायमधले चढउतार संपतात. दिवा पाठीमागे न ठेवता समोर ठेवावा. उजेड कमी पडला की बरेच कॅमेरे प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेतात, त्यामुळे फ्रेम्स निम्म्यावर येतात आणि बोटे फराटल्यासारखी दिसतात. तिथे नेटचा काही संबंध नसतो. मागची भिंत साधी असावी. ७२० ओळींचे, सेकंदाला ३० फ्रेम्सचे चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ६६० मेगाबिट लागतील. ते दीड-दोन मेगाबिटांत बसते ते मुख्यतः आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच पाठवल्यामुळे. मागे पडदा हलत असेल तर हातांच्या वाट्याचे बिट त्या पडद्यावर खर्च होतात. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय तर आम्ही बंदच ठेवतो, ती बोटांची टोकेच खाऊन टाकते.

पण दिवा, भिंत आणि केबल एवढेच आमच्या हातात आहे. बाकीचे अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आणि नेट पुरवणाऱ्यांनी करायचे आहे, आणि ते होण्यासाठी कुणीतरी मोजून छापायला हवे. तुमच्या पुरवणीचे लेखक नव्या फोनने फुलांचे, सूर्यास्ताचे फोटो काढून दाखवतात. त्याच फोनवरून एखाद्या मित्राला व्हिडिओ कॉल लावून, घरातल्या मंद उजेडात सेकंदाला किती फ्रेम्स पोहोचल्या ते त्यांनी लिहावे. इंटरनेट योजनांच्या तक्त्यात अपलोडचा वेग डाउनलोडच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत द्यावा. त्याच्या पुढे अजून एक रकाना असावा: एकीकडे मोठी फाइल चढत असताना कॉलचा विलंब किती वाढतो. आणि कॉलच्या अ‍ॅपबद्दल लिहाल तेव्हा त्यात हालचाल सलग ठेवण्याचे बटण आहे की नाही, हे एका ओळीत सांगा. माझ्या मैत्रिणीचाही फोन आता बदलायला झाला आहे. ती तुमचा तक्ता पाहूनच घेईल.

आपली,
एक कर्णबधिर वाचक