वरच्या मजल्यावरच्या काकूंना जाहीर आभारपत्र

तीर्थस्वरूप काकूंना,
साष्टांग नमस्कार.

तुमचे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, हे आता आमच्या घरी सगळ्यांना पाठ झालंय. परवा पेढे घेऊन वर आले, तर तुम्ही मलाच चहा पाजलात आणि आमच्या गीझरची चौकशी करत बसलात. म्हणून हे जाहीर पत्र. दुसरं कारण म्हणजे, जपानची विद्यार्थिनी घरी ठेवून घ्यायचा विचार करणारे ओळखीपाळखीचे लोक सध्या आम्हाला फोन करतायत, "तुम्ही कसं जमवलंत?" म्हणून. खरं उत्तर "आमच्या वर काकू राहतात" हे आहे आणि त्याचा त्यांना काडीचाही उपयोग नाही. तेव्हा तुम्ही नेमकं काय काय केलंत ते लिहून काढते.

आपली जपानच्या ओकायामाची लेक आषाढात आमच्याकडे राहायला आली, ती होळी खेळूनच गेली. येण्याआधी आमच्या हातात एक छापील कागद पडला होता. त्यात अडीअडचणीचे फोन नंबर होते आणि "पाहुण्यांना घरच्यासारखं वागवा" असं एक वाक्य होतं. परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत त्याच्या नोंदणीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, हेसुद्धा तुम्हीच आठवण करून दिलंत म्हणून कळलं. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो तुम्ही तिच्याकडून मागून घेतलेत, तेही तिला संकोच वाटणार नाही अशा बेताने. आमच्या ह्यांनी ते काम केलं असतं तर पोरीला वाटलं असतं, पोलीस चौकीतच उतरले की काय.

पहिल्या रात्रीचं जेवण आठवतंय ना? वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या. सासूबाईंनी वाढलं, तिने हात जोडले आणि शीत न शीत संपवलं. ताट रिकामं दिसल्यावर सासूबाई थोड्याच थांबणार? पुन्हा भात, पुन्हा वरण. तिने तेही संपवलं. तिच्याकडे ताटात टाकणं वाईट, आमच्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं राहणं वाईट. दोघीही आपापलं वळण पाळत होत्या आणि पोरीचा चेहरा पांढरा पडत चालला होता. तेवढ्यात तुम्ही वाटी परत द्यायच्या निमित्ताने खाली आलात. दाराशी उभ्या राहून दोन मिनिटं बघितलंत आणि सासूबाईंना म्हणालात, "वहिनी, तिला विचारू नका, ती हो-च म्हणणार." मग तिच्या शेजारी बसून जपानीत काहीतरी हळूच बोललात आणि ताटावर आडवा हात कसा धरायचा ते करून दाखवलंत. दुसऱ्या दिवशी तिने तो हात असा काही आडवा घातला, की सासूबाई म्हणाल्या, "ही तर सदाशिव पेठेतली निघाली!" त्या दोघींची गट्टी जमायला सुरुवात झाली ती तिथून.

आंघोळीचं तर मला फारच टेन्शन होतं. तिच्याकडे टबात बसतात, रात्री बसतात, आणि आमच्याकडे बादली, तांब्या आणि सकाळची घाई. तुम्ही हसून म्हणालात, टबात उतरण्याआधी ते लोक बुटक्या स्टुलावर बसून, अंगावर पाणी घेऊन स्वच्छ होतात. तेव्हा तिला एक पाट आणि मोठा तांब्या द्या, बाकी तिचं ती बघेल. तसंच झालं. फक्त गीझर रात्री लावायचा आणि बाथरूमची फरशी कोरडी ठेवायची, एवढंच बदलावं लागलं. झोपायला जमिनीवर गादी घातली तर ती पलंगापेक्षा खूश.

तिच्या बॅगेतली खाऊची पाकिटं तुम्ही चष्मा लावून एकेक वाचलीत. सूपच्या पाकिटावर भाज्यांचं चित्र, आत माशाचा अर्क. आमचं शाकाहारी घर. तुम्ही दोन ढीग केलेत आणि त्यावर कुणी काही बोलायच्या आत सासूबाईंनी गॅलरीत इंडक्शनची शेगडी आणि एक वेगळं पातेलं काढून दिलं. सोवळंही राहिलं आणि पोरीचं सूपही राहिलं. तिने आणलेले किबी दांगो मात्र चालणारे निघाले. ओकायामाची ती खासियत, तांदळाच्या पिठाची मऊ गोळी. सगळ्यात जास्त कुणी खाल्ल्या ते सांगत नाही, ते स्वतःच हे पत्र वाचतील.

बासमती तिला कोरडा लागायचा. चिकट भाताची सवय. इंद्रायणी आणा, हे तुमचंच. आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहरापासून काढलेला तांदूळ ओकायामाच्या मुलीला घरचा वाटावा, याची मला अजून गंमत वाटते. हाच इंद्रायणी पुढे कामाला आला.

श्रावणात तिचं पोट बिघडलं. ती सांगेना. शाळेत गेली, आली, हसून "बरी आहे" म्हणाली, खोलीत गेली. आम्ही तिघंही त्या हसण्याला फसलो, तुम्ही नाही फसलात. जिन्यात भेटलात तेव्हा तिने चपला सरळ लावून ठेवल्या नव्हत्या, एवढ्यावरून तुम्ही ओळखलंत. डॉक्टरांकडे तुम्हीच बरोबर गेलात. रात्री आमच्या ओट्याशी उभ्या राहून तुम्ही तो मऊभात केलात, एकाला सात-आठ पाणी घालून, ढवळत ढवळत, हळद नाही, हिंग नाही, नुसतं मीठ. त्यांच्याकडे आजारी माणसाला अशीच भाताची पेज देतात आणि वर उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, ठेवतात. ते आणायचं कुठून? तुम्ही सासूबाईंची बरणी उघडलीत, त्यांचं ते बिनतेलाचं, काळं पडलेलं जुनं लिंबाचं लोणचं, आणि त्यातली एक फोड पेजेच्या मधोमध ठेवलीत. पोरीने वाटीकडे बघितलं आणि रडायलाच लागली. आल्यापासून पहिल्यांदा. तुम्ही तिला गप्प केलं नाहीत. वाटी हातात दिलीत आणि ती संपेपर्यंत शेजारी बसून राहिलात.

ऑगस्टच्या मधल्या दिवसांत ती उदास असायची, ते ओबोनमुळे, हेही तुम्ही सांगितलंत. पितर घरी येतात ते दिवस. तिची आजी तोक्योकडची, त्यामुळे त्यांच्या घरी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करतात. येताना पितरांनी घोड्यावरून लवकर यावं, जाताना गाईवरून सावकाश जावं. सासूबाईंनी भाजीच्या टोपलीतून काकडी आणि वांगं काढून दिलं, तिने काडेपेटीच्या काड्यांचे पाय लावले. दोन्ही जनावरं देवघरासमोर उभी राहिली. पुढे पितृपक्षात सासऱ्यांच्या तिथीला कावळ्याचं पान गच्चीवर नेऊन ठेवायचं काम सासूबाईंनी आपणहून तिला दिलं. घरच्या नातवाला नाही दिलं. नातू त्या वेळी मोबाईलवर होता, ही गोष्ट वेगळी.

आणि मग दसऱ्याच्या सुमारास तुम्ही येणंच बंद केलंत. आता सांगायला हरकत नाही, मला तुमचा राग आला होता. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं जपानी, इतक्या वर्षांचा शिकवण्याचा अनुभव, आणि ऐन गरजेच्या वेळी "माझे गुडघे दुखतात" म्हणून वर बसून राहिलात. गुडघे दुखत असतीलही. पण मी फारच खनपटीला बसले तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी खाली आले की तुम्ही सगळे माझ्याकडे बघून बोलता. तिच्याकडे कुणी बघतच नाही." मी गप्प झाले, कारण ते खरं होतं.

त्यानंतरचे दिवस अवघड गेले, पण बोलणं सुरू झालं ते तेव्हाच. सासूबाई आणि ती कोथिंबीर निवडत बसायच्या. सासूबाई मराठीत, ती अर्ध्या मराठीत, आणि दोघींचं व्यवस्थित चालायचं. तिचं मराठी शेवटी सासूबाईंसारखंच झालं, हेलासकट. "मीटरने चला ना हो, उगाच काय!" हे तिने रिक्षावाल्याला सुनावलं तेव्हा तो बिचारा मुकाट्याने मीटर टाकून निघाला.

मध्ये एकदा सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यानात तिला आम्हीच नेलं, तुमच्याशिवाय. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली, २००६ साली उघडलेली ही बाग म्हणजे तिच्या गावची आणि आपल्या पुण्याची मैत्री. तिची बाग १७०० साली पुरी झालेली, आपली अजून विशीतली. तिने तळं पाहिलं, पूल पाहिला, बरीच खूश झाली आणि मग विचारलं, "क्रौंच कुठे आहेत?" त्यांच्याकडे पाळलेले आहेत म्हणे. सुरक्षारक्षकाने शिट्टी तोंडातून काढली, काठावरच्या एका बगळ्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा शिट्टी वाजवली, कारण आमचे हे हिरवळीवर गेले होते.

जाताना तिच्या आईला काय द्यावं, यावर मी चांदीच्या वाटीपर्यंत पोचले होते. तुम्ही अडवलंत. जड भेट दिली की त्या माउलीला साधारण निम्म्या किमतीची परतभेट पाठवावी लागेल आणि मग ते थांबायचं नाही, हा तुमचा सल्ला. गोधडी दिली, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची. हा निर्णय एकमताने झाला, आमच्या घरातला बहुधा पहिलाच.

तर काकू, तिच्या आईचं पत्र आलंय. हाताने लिहिलेलं, उभ्या ओळींत, चांगलं चार पानी. फोन त्यावर धरून बघितला, तर त्याने गोधडीचं भाषांतर "जुन्या साडीचे सरकारी कागदपत्र" असं केलं. रविवारी संध्याकाळी खाली या आणि वाचून दाखवा. गुडघ्याचं कारण चालणार नाही, लिफ्ट दुरुस्त झालीये. साबुदाण्याची खिचडी करते, आणि हो, तुम्ही यायच्या आधी पत्र कुणीही पुन्हा उघडायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलंय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सूनबाई