गोल्डबर्गचं उदाहरण दिलंस म्हणून

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल संपला की प्रो रेसलिंग आणि मग सिनेमा, असा बेत तू कळवलास आणि पुरावा म्हणून याच वाटेने गेलेल्या अमेरिकन रेसलर बिल गोल्डबर्गचं नाव पुढे केलंस. उदाहरण उत्तम आहे, फक्त तू त्यातला चकचकीत भागच घेतलास.

जॉर्जिया विद्यापीठाच्या बचावफळीतला हा डिफेन्सिव्ह टॅकल 1990 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या संघांनी खेळाडू निवडायच्या फेऱ्यांमध्ये, पार अकराव्या फेरीत निवडला गेला. पुढे अटलांटा फाल्कन्सकडून एनएफएलचे जेमतेम 14 सामने, आणि मग पोटाचा खालचा स्नायू ओटीपोटाच्या हाडापासून फाटून सुटला. तिथे फुटबॉल आटोपला. अटलांटातल्याच डब्ल्यूसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीच्या पॉवर प्लांट नावाच्या प्रशिक्षण शाळेत तो शिकला, 22 सप्टेंबर 1997 ला टीव्हीवर पहिली लढत जिंकला आणि 6 जुलै 1998 ला जॉर्जिया डोम स्टेडियममध्ये हल्क होगनला हरवून कंपनीचा विश्वविजेता झाला. दहा महिनेसुद्धा नाहीत! तू भुललास तो इथेच.

आपल्या तालमीतल्या कुस्तीशी प्रो रेसलिंगची गल्लत करू नकोस. इथे निकाल आधी ठरलेला असतो. समोरचा गडी आपलं शरीर तुझ्या हवाली करतो, आणि ते धड परत करणं हेच खरं काम. फुटबॉल नेमकं हेच शिकवत नाही.

गोल्डबर्गचा स्पिअरच घे, म्हणजे धावत येऊन खांद्याने दिलेली धडक. फुटबॉलच्या लाइनवर तुला समोरच्याच्या आरपार जायला शिकवलंय. रिंगमध्ये खांदा बरगड्यांच्या खाली, पोटाच्या मऊ भागावर लागला पाहिजे. डोकं त्याच्या कुशीबाहेर, हात कमरेमागे. धडकेच्या क्षणी तो स्वतःच मागे झेपावतो आणि तू आपलं वजन हातांवर नि गुडघ्यांवर घेत खाली येतोस. खांदा दोन इंच वर गेला तर त्याची बरगडी जाते, डोकं आत राहिलं तर तुझी मान. माणूस डोक्यावर उलटा उचलून आपटायचा त्याचा दुसरा डाव, जॅकहॅमर, त्याचंही तसंच. माणूस उभा उचलायचा तो नुसत्या ताकदीने नाही. त्याच्या उडीची वेळ साधून, चड्डीची कंबर धरून उचलायचा. उडी चुकली की सगळा भार तुझ्या कमरेवर.

त्याआधी पडायला शीक. रिंग म्हणजे लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि ताणलेलं कॅनव्हास, गादी नव्हे. पाठीवर पडताना हनुवटी छातीला, नजर पोटाकडे, श्वास बाहेर. पाठीचा वरचा सपाट भाग आणि दोन्ही हात एकदम टेकले पाहिजेत, हात अंगापासून साधारण 45 अंशांवर. फुटबॉलवाल्यांना पडता पडता हात मागे टेकायची सवय असते. त्यात मनगट किंवा कोपर जातं. हनुवटी सुटली की डोकं आपटतं, आणि असे छोटे छोटे मार साठत जातात.

गोल्डबर्गच्या बहुतेक लढती दोन-तीन मिनिटांत संपवल्या जात. त्याचा दरारा त्यातूनच उभा राहिला, पण माझ्या मते तोटाही त्यातच होता: दम राखणं आणि हात राखून मारणं शिकायला वेळच मिळाला नाही. ऑक्टोबर 1998 मधली डायमंड डॅलस पेज या रेसलरबरोबरची लढत मात्र जरूर बघ. दहाएक मिनिटांची आहे. समोर बारीकसारीक आखणी करणारा मुरलेला गडी होता. स्पिअर हुकून गोल्डबर्गचा खांदा रिंगच्या कोपऱ्यातल्या खांबावर आदळतो, मग जॅकहॅमरला माणूस उचलतच नाही, आणि इतके दिवस अजिंक्य वाटलेला हा माणूस पहिल्यांदा हरेल असं वाटतं. माझ्या मते त्याची सर्वोत्तम लढत तीच.

उलट बाजूही बघ. 19 डिसेंबर 1999 ला लढतीत त्याची लाथ समोरच्या ब्रेट हार्टच्या डोक्यात बसली. पाय शेवटच्या क्षणी आवरला गेला नाही. हार्टला कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला मार बसला, तरी तो आणखी काही लढती खेळला आणि पुढच्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. त्या लाथेनंतर थोड्याच दिवसांनी गोल्डबर्गने टीव्हीसाठी लिमोझिनच्या काचा फोडताना स्वतःचा हात खोल कापून घेतला आणि काही महिने घरी बसला. खोट्या मारामारीत काच खरी होती.

सिनेमाचं थोडक्यात. 1999 पासून त्याला भूमिका मिळाल्या त्या धिप्पाड शरीरामुळे. 2005 च्या 'द लाँगेस्ट यार्ड'मध्ये कैद्यांच्या फुटबॉल संघात तो होता, आपला ग्रेट खली होता, आणि समोर पहारेकऱ्यांच्या बाजूला रेसलर स्टीव्ह ऑस्टिन होता. पुढे 'द गोल्डबर्ग्स' मालिकेत शाळेतला कोच. रिंगमध्ये चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, कॅमेऱ्यापुढे तोच चेहरा हास्यास्पद दिसतो. शिवाय तीच हालचाल, त्याच खुणेवर, दहा वेळा करावी लागते. अभिनयाचा वर्ग आत्ताच लाव, कुस्तीबरोबर.

आधी पदवी पूर्ण कर. मग रेसलिंगची शाळा निवडताना फी भरण्यापूर्वी एक पूर्ण दिवस कोपऱ्यात बसून बघ. पहिल्याच आठवड्यात पोरांना वरच्या दोरावरून उड्या मारायला लावत असतील तर तिथून निघ. डोक्याला मार बसल्यावर सराव थांबवायचा निर्णय कोण घेतो ते विचार. 'ज्याचं त्याने बघायचं' असं उत्तर आलं तरी निघ. आणि डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या बड्या रेसलिंग कंपनीतसुद्धा खेळाडू नोकरदार नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात, त्यामुळे आरोग्य विमा आपला आपणच काढावा लागतो. कॉलेजचा विमा कोणत्या तारखेला संपतो ते बघून या आठवड्यात कळव.

तुझी,
आई