हनन्याची दोन वर्षं आणि यिर्मयाची सत्तर

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून आज निवांत लिहायला बसलेय, कारण बाबा तुम्ही जे बोललात ते डोक्यातून जात नाहीये. "पोरी, जरा सांभाळून बोलत जा, आजकाल लोकांना कडक वचन चालत नाही, तुमच्या ग्रुपमधली मुलं कमी झाली म्हणे" असं तुम्ही म्हणालात आणि मागून आईचा आवाज, "तिला कोणी काही बोललं का ते विचारा आधी." तर आई, बोलले, बरेच जण बोलले, पण मी ठीक आहे, जेवतेय, झोपतेय, काळजी करू नकोस.

झालं काय ते नीट सांगते, कारण तुमच्यापर्यंत फिरून फिरून आलेली गोष्ट वेगळीच असणार. आमच्या स्टुडंट ग्रुपमध्ये वर्शिप लीड करणारे दोघंजण, चांगली मुलं, मनापासून प्रार्थना करणारी, ती लग्नाआधीच एकत्र राहायला लागली आणि त्यांचं म्हणणं होतं की यात चुकीचं काय आहे, आम्ही एकमेकांशी प्रामाणिक आहोत, आता सगळेच असं राहतात. आम्ही त्यांच्याबरोबर बसलो, एकदा नाही, बऱ्याचदा, ओरडलो नाही, सगळ्यांसमोर नाव घेतलं नाही. एवढंच सांगितलं की तुम्ही येत राहा, बायबल स्टडीत बसा, आमच्या घरी या, पण पुढे उभं राहून लीड करणं सध्या थांबवूया, कारण लग्न आणि शरीराच्या पावित्र्याबद्दल शास्त्र जे सांगतं ते आम्ही आमच्या सोयीने बदलू शकत नाही. ते गेले. त्यांच्याबरोबर त्यांचे मित्रही गेले. मग ऑनलाइन कोणीतरी लिहिलं की हे लोक मागासलेले आहेत, द्वेष पसरवतात, वगैरे. वाईट वाटलं, खूप वाटलं, खोटं का बोलू. त्या मुलीला मी अजून मेसेज करते आणि ती कधीकधी उत्तर देते, तेवढा धागा शिल्लक आहे आणि मी तो सोडणार नाहीये.

आता बाबा, "काळ बदललाय" हे तुमचं वाक्य. मला ते कळतं, तुम्ही प्रेमाने म्हणता. पण येशूचा प्रेषित पौल याने ज्या ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीला पत्र लिहिलं ते काय आपल्या कल्पनेतलं जुनं सोज्वळ गाव होतं का? बंदराचं शहर, पैसा, व्यापार, देवळं, जगभरातले लोक, आणि शरीराच्या बाबतीत "मला सगळ्याची मोकळीक आहे" असं बिनधास्त म्हणणारी माणसं, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल त्यांचं तेच बोलणं घेऊन उत्तर देतो ना. म्हणजे ही शिकवण तेव्हाही लोकांना विचित्रच वाटत होती. सगळा समाज मानत होता म्हणून पहिल्या शतकातल्या मंडळीने ती धरली असं नाहीये, समाज मानत नसताना धरली. काळ बदलला म्हणून वचन जुनं झालं असं म्हणायचं तर ते लिहिलं गेलं त्याच दिवशी जुनं होतं.

पण मला खरं तर दुसरंच सांगायचंय. त्याच पत्रात, आधीच्याच अध्यायात, म्हणजे पाचव्यात शेवटी, पौल म्हणतो की बाहेरच्यांचा न्याय करण्याशी माझा काय संबंध, तुम्ही आतल्यांचं बघा. मी हे कितीतरी वेळा वाचलंय आणि दर वेळी थांबते तिथे. आपण काय करतो, बरोबर उलटं. बाहेरचं जग किती बिघडलंय, पिक्चर कसले येतात, तरुण पिढी कुठे चाललीय यावर आपल्याकडे तासभर संदेश होतो आणि लोक "आमेन" म्हणतात, कारण त्यात आपल्यातलं कोणीच सापडत नाही. आणि आपल्याच स्टेजवरून खोटी साक्ष दिली गेली, आपल्याच सेवेचा आकडा फुगवला, आजारी माणसाला "तुझा विश्वास कमी आहे" म्हणून चिरडलं, तर गप्प. मग बाहेरच्याने आपलं ऐकावं तरी का?

ऐका काय झालं. आमच्याकडे एक मुलगी येते, शांत, मागे बसणारी. तिची आई बरेच महिने आजारी होती. घरी प्रार्थनेला आलेल्या एका प्रचारकाने तिला जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ दिलं, तेच, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे वचन धर, "आई बरी झालीच आहे" असं तोंडाने बोलत राहा, शंका घेतलीस तर आशीर्वाद जाईल. ती पोरगी बोलत राहिली. आई गेली. त्यानंतर त्याच माणसाने सांगितलं की घरात कुणाच्या तरी मनात अविश्वास होता. आई, तू विचार कर, वीस-बावीस वर्षांची मुलगी, आई गेलेली, आणि डोक्यावर हे ओझं की माझ्या शंकेमुळे गेली.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, चिडलेली होती. बायबल माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "हे खरं आहे की नाही तेवढंच सांगा." मी म्हटलं खरं आहे, पण आपण अकराव्या ओवीपासून नको, थोडं आधीपासून वाचू. मग आम्ही अठ्ठाविसावा अध्याय उघडला. तिने तो कधी वाचलाच नव्हता. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाचं जू मोडणार, लुटलेली पात्रं परत येणार, बाबेलला नेलेले यहूदी बंदिवान घरी येणार, आणि बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून तो सगळ्यांदेखत मोडून टाकतो. लोकांना किती बरं वाटलं असेल! आणि यिर्मया त्याला पहिलं उत्तर काय देतो माहितीये? "आमेन, परमेश्वर असंच करो." म्हणजे त्यालाही ते हवंच होतं. आपल्या लोकांचं दुःख लांबावं असं त्याला वाटत नव्हतं. पण देव बोलला नव्हता ते देवाच्या नावाने तो सांगू शकत नव्हता, एवढाच फरक. मग पुढच्या अध्यायात तो बाबेलमधल्या बंदिवानांना पत्र पाठवतो, घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, आणि तिथल्या स्वप्नं सांगणाऱ्यांना भुलू नका. दहाव्या ओवीत परत आणण्याआधीची सत्तर वर्षं. आणि मग अकरावी.

ती मुलगी सत्तर या आकड्यावर बोट ठेवून बसली. "म्हणजे ज्यांना हे पत्र मिळालं त्यातले बरेचसे तिथेच वारले असतील," ती म्हणाली. मी हो म्हटलं. "आणि तरी हे वचन त्यांना होतं?" हो, त्यांनाही होतं. खूप वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली की माझी आई मरायच्या आधी शांत होती, तीच आम्हाला धीर देत होती, अविश्वास तिच्यात नव्हताच. त्या दिवसापासून ती पुढे बसते असं काही झालं नाही, अजून मागेच बसते, पण येते, आणि आता प्रश्न विचारते.

देव आजही बरं करतो, बाबा, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि करत राहणार. पण "करू शकतो" आणि "तू मागितलंस म्हणून केलंच पाहिजे" यातला फरक पुसला की सुवार्ताच बदलते. मग वधस्तंभ मागे पडतो, पाप-पश्चात्ताप मागे पडतो आणि देव म्हणजे आपल्या इच्छा पुऱ्या करणारं कोणीतरी होऊन बसतो. २०१० साली केपटाऊनला जगभरातले इव्हँजेलिकल पुढारी जमले होते, त्यांनी तिथल्या जाहीरनाम्यात समृद्धीच्या सुवार्तेचा, म्हणजे विश्वास ठेवलास की पैसा आणि आरोग्य मिळणारच या शिकवणीचा, स्पष्ट शब्दांत धिक्कार केला, म्हणजे हे मी एकटीच म्हणतेय असं नाही.

त्याच्याही आधी, १९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, अमेरिकन प्रचारक बिली ग्रॅहॅम यांच्या पुढाकाराने १५० च्या आसपास देशांतून दोन हजारांहून जास्त लोक आले होते आणि तिथे जो करारनामा झाला, ज्याच्या मसुद्याचं काम इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट यांच्याकडे होतं, त्यातला एक भाग मला फार आवडतो. त्यात त्यांनी जगाला नावं ठेवली नाहीत, स्वतःबद्दल कबूल केलं की लोकांनी प्रतिसाद द्यावा म्हणून आम्ही कधी संदेशात तडजोड केली, ऐकणाऱ्यांवर दबाव टाकला, आकड्यांच्या मागे लागलो आणि त्यात अप्रामाणिकही झालो. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर, जगासमोर! बिली ग्रॅहॅम स्वतः त्याच्या कितीतरी आधी, १९४८ साली कॅलिफोर्नियात मोडेस्टोला आपल्या मोजक्या सहकाऱ्यांबरोबर बसून ठरवून बसले होते की पैशात पारदर्शक राहायचं, स्त्रीपुरुष संबंधात संशयाला जागा ठेवायची नाही, स्थानिक मंडळ्यांना कमी लेखायचं नाही आणि गर्दीचे आकडे फुगवायचे नाहीत. सेवाकार्याच्या सुरुवातीलाच, कोणी बोट दाखवायच्या आधी. मला वाटतं पुढची इतकी वर्षं लोकांनी त्यांचं ऐकलं त्यात याचा मोठा वाटा आहे.

आणि जे आत बोलतात त्यांना किंमत मोजावी लागते हेही खरं. इंग्लंडचे नावाजलेले प्रचारक स्पर्जन यांनी १८८७ साली आपल्याच बॅप्टिस्ट युनियनमध्ये, म्हणजे बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या संघात, शिकवण घसरतेय म्हणून लिहिलं आणि शेवटी युनियन सोडली, पुढच्या वर्षी युनियनच्या कौन्सिलने उलट त्यांच्यावरच ठपका ठेवला, तब्येत आधीच ढासळलेली, आणि १८९२ ला ते गेले. त्यांना बाहेरच्या नास्तिकांनी इतकं दुखावलं नसेल. म्हणून तुम्ही म्हणता मुलं कमी झाली, तर हो, झाली, पण मी आकड्यासाठी वचन पातळ करणार नाही, आणि बाबा तुम्हीच मला हे शिकवलंय, मी कुठून बाहेरून आणलेलं नाही.

आता एक गोष्ट, रागावू नका. तुम्ही रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर जे व्हिडिओ पाठवता, त्यातले काही खोटे असतात. त्या दिवशीचा, तो मेलेला माणूस उठून बसल्याचा, त्याला ना ठिकाण, ना तारीख, ना कोणी साक्षीदार. आता तर एआयने कोणाचाही चेहरा आणि आवाज बनवता येतो, प्रसिद्ध प्रचारकाच्या तोंडी वाट्टेल ते घालता येतं. मला माहितीये तुम्ही देवाचं गौरव व्हावं म्हणूनच पाठवता. पण माझ्या ग्रुपमधल्या मुलाने तो व्हिडिओ दोन मिनिटांत शोधून खोटा ठरवला आणि मग मला विचारलं, "दीदी, हा खोटा, तर पुनरुत्थानाचं काय?" त्याला काय उत्तर देणार? येशूच्या पुनरुत्थानाबद्दल पौल करिंथकरांना लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात साक्षीदार सांगतो, केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून जास्त भाऊ, त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत म्हणतो, म्हणजे जा, विचारा. इतक्या उघड्यावर ठेवलेल्या सत्याला आपल्या खोट्या व्हिडिओचा आधार कशाला? बिरुया गावातल्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं शास्त्रात रोज तपासून पाहिलं आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो. फॉरवर्ड करायच्या आधी मला पाठवत जा ना, मी बघून सांगेन, यात तुमचा कमीपणा अजिबात नाही.

आणि आई, तू म्हणतेस आता माझ्याने काही होत नाही, गुडघे दुखतात, मंडळीतही जाता येत नाही रोज. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल तीमथ्याचा विश्वास कुठून आला ते सांगताना कोणत्या मोठ्या सेवकाचं नाव घेत नाही, त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचं घेतो. तू मला स्तोत्रं पाठ करून घ्यायचीस, झोप येत असली तरी, आणि मी चुकले की ओवी परत सुरुवातीपासून. तेव्हा राग यायचा. त्या मुलीसमोर बसले होते तेव्हा माझ्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं, जे होतं ते तिथलंच होतं. तर तिच्यासाठी प्रार्थना कर, नाव सांगत नाही, देवाला माहीत आहे. आणि त्या दोघांसाठीही कर, लीड करणाऱ्या. त्यांच्याबद्दल कोणी तुझ्याकडे वाईट बोललं तर ऐकून घेऊ नकोस.

बाबा, पुढच्या महिन्यापासून आम्ही तीमथ्याचं दुसरं पत्र ओवी-ओवीने घेतोय, पहिल्या अध्यायापासून, काही गाळायचं नाही असं ठरवलंय. तुमची ती वही आहे ना, निळ्या कव्हरची, ज्यात तुम्ही तरुणपणी या पत्रावर टिपणं काढली होती? त्याच्या पानांचे फोटो काढून पाठवा, आईला मोबाइल धरायला सांगा म्हणजे हलणार नाही. तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायाची पानं आधी पाठवा, तिथली तयारी मला जास्त लागणार आहे. आणि एखाद्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर येऊन तुम्हीच एक स्टडी घ्या, मुलांना मी सांगून ठेवलंय.

प्रभूमध्ये तुमची लाडकी