बाबांचा कॉम्प्युटर मी बदललाय

पुणे, शुक्रवार रात्र

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायचा धीर झाला नाही आणि मेसेज लांबला की बाबा अर्ध्यातच सोडतात, म्हणून कागद घेतलाय. रविवारी तुम्ही दोघं मिरजेला लग्नाला गेलात ना, तेव्हा मी बाबांचा कॉम्प्युटर पुसला. आतून. आता त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट आहे, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टिम.

बाबा, उठू नका, आधी पुढचं वाचा. काहीही गेलेलं नाही. सोसायटीचे हिशेब, ताईच्या लग्नाचे फोटो, आप्पांचं ते रेकॉर्डिंग, सगळं आधी दोन डिस्कवर उतरवलं. एक देवघराखालच्या कप्प्यात आहे, एक माझ्याकडे. आप्पांचं तर मी तीनदा लावून ऐकलं.

विचारायला हवं होतं, कळतंय. पण ‘चाललंय ते चालू दे’ म्हणाला असतात. आणि चाललेलं कुठे होतं? मागच्याच वर्षी रॅम वाढवली, तरी विंडोजवाली कंपनी म्हणते जुना झाला, नवा घ्या. पत्त्यांच्या दर दोन डावांनंतर जाहिरात, आणि ती बंद करायची फुली मोहरीएवढी. त्यातूनच ते महिन्याचे १९९ रुपये जात राहिले. आई, सहा महिने तू ते बाबांपासून लपवलंस, आपलीच चूक समजून. तुझी चूक नव्हती गं. फुली मुद्दामच तशी काढतात. त्याच दिवशी मी ठरवून टाकलं होतं.

मिंट २००६ पासून आहे, फुकट आहे आणि मुख्यतः देणग्यांवर चालतं. वाचनालयासाठी बाबा पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचे, तसंच. हिशेबाला लिब्रेऑफिस आहे. त्यामागे नफा न कमावणारी बर्लिनची संस्था आहे. इंटरनेटसाठी फायरफॉक्स आहे, त्याला मात्र बरेचसे पैसे गूगलकडूनच मिळतात, तेव्हा अगदी सोवळं काही नाही. पण निदान आपल्याच घरात आपल्याला कुणी गिऱ्हाईक म्हणून बघत नाही.

व्हॉट्सॲपला हात लावलेला नाही! भिशी तिथेच. फक्त आपल्या चौघांचा ग्रुप सिग्नल नावाच्या तसल्याच दुसऱ्या ॲपवर काढलाय. व्हॉट्सॲप सुरू करणाऱ्या दोघांपैकी ब्रायन ॲक्टननेच नंतर, २०१८ साली, सिग्नलच्या संस्थेत पाच कोटी डॉलर घातले. बाबा, तुम्हाला असल्या गोष्टी आवडतात म्हणून सांगितलं.

कीबोर्ड तोच आहे, ‘क’ पुसलेला. तो पुसताना तुमच्या ऑफिसचा टाइपरायटर आठवला. मी मांडीवर, आणि घंटी वाजली की कॅरेज ढकलायचं काम माझं. तेव्हा किती चुका व्हायच्या माझ्यामुळे, कधी रागावला नाहीत. आताही रागावू नका ना.

आता ऐका. सीएंना फाइल पाठवायची असेल तर ‘सेव्ह ॲज’मध्ये एक्सेलचा प्रकार निवडा. खाली उजवीकडे ढालीवर ठिपका दिसला तर मला फोन करा, स्वतः काही दाबू नका. ‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ म्हणून कुणाचा फोन आला तर ठेवून द्यायचा, गप्पा मारत बसायचं नाही. प्रिंटर चालतोय, स्कॅनर अजून रुसलाय, पुढच्या महिन्यात येते तेव्हा बघते. आणि बीपीची गोळी नाश्त्याच्या आधी, बाबा. पेपर वाचून झाल्यावर नाही.

आई, पत्ते डाव्या कोपऱ्यात ठेवलेत. तीन-तीन पानं उलटलेली तुला आवडत नाहीत ना, एकेकच केलंय.

तुमची,
मनू